पाणपोई शेठजींची, पाणी कोणाचं?

आमच्या सोसायटीत दोन पावतीपुस्तकं आहेत, एक गणपतीच्या वर्गणीचं आणि एक मेंटेनन्सचं. तीन वर्षं मी खजिनदार होतो, तेव्हा दोन्ही माझ्याच खणात असायची. गणपतीच्या वर्गणीला आकडा ठरलेला नसतो. कोणी १०१ देतं, कोणी १,००१. तिसऱ्या मजल्यावरचे काका दरवर्षी ५,००१ देतात, फक्त फळ्यावर त्यांचं नाव पहिलं हवं. एखादं घर काहीच देत नाही, तरी आरतीला येतं आणि मोदकाला हात पुढे करतं. कोणाचं काही बिघडत नाही. मेंटेनन्सचं मात्र तसं नाही. तो दर महिन्याला, ठरल्याइतकाच, आणि थकला तर व्याजासकट. आदर्श उपविधींप्रमाणे हे व्याज वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत लावता येतं. तरीही कोणी दाद देत नसेल तर सहकार कायद्याखाली वसुलीचा दाखला मिळवून जप्तीपर्यंत जाता येतं.

एका वार्षिक सभेत एक सभासद उठले आणि म्हणाले, "लोक गणपतीला हसत देतात आणि मेंटेनन्सला कुरकुरत. मग मेंटेनन्सही वर्गणीसारखाच घ्या की! ज्याला जेवढं जमेल तेवढं." सभेत हशा पिकला, पण ते गृहस्थ गंभीर होते. प्रश्नही वाटतो तितका हास्यास्पद नाही. हाच प्रश्न अख्ख्या देशाला लावून विचारणारे लोक जगभर आहेत. कर बंद करा, पैसा लोकांच्या खिशात राहू द्या, मग लोक आपणहून शाळा, दवाखाने, रस्ते चालवतील, आणि सरकारपेक्षा स्वस्तात चालवतील, असं त्यांचं म्हणणं. अर्थसंकल्पाच्या दिवशी आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही हे कोणीतरी लिहितंच.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. सक्तीने पैसा घेणं न्याय्य आहे का, हा एक. त्याचं उत्तर ज्याने त्याने आपल्या मूल्यांप्रमाणे द्यावं. दुसरा प्रश्न जास्त जमिनीवरचा आहे: आपखुशीने दिलेला पैसा पुरेल का, वेळेवर येईल का, आणि जिथे लागतो तिथे पोचेल का? याची परीक्षा इतिहासात आणि हिशेबाच्या वह्यांत अनेकदा झाली आहे. त्यातली एक फार मोठी परीक्षा आपल्या मुंबईत झाली.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत दान देणाऱ्यांची रांग होती. जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३८ मध्ये रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले, ईस्ट इंडिया कंपनीने तेवढेच घातले आणि १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीत होड्या उलटून माणसं बुडत. रस्ता बांधायला सरकारने नकार दिला, तेव्हा जमशेटजींच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, अट एवढीच की या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. माहीमचा कॉजवे तो हाच. (आजच्या मुंबईकराने ही अट दोनदा वाचावी.) प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी दोन-दोन लाख दिले, मनोऱ्याला आईचं नाव मिळालं, राजाबाई. डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्यात ससून रुग्णालय झालं. आणि कावसजी जहांगीर, ज्यांचं आडनावच 'रेडीमनी' होतं, त्यांनी शहरात ४० पाणपोया बांधून दिल्या.

एवढं दान एका शहरातून, एका पिढीत. दानावर शहर चालवता आलं असतं तर ते इथेच.

आता त्या पाणपोयांकडेच नीट बघू. दगडी, नक्षीदार पाणपोई शेठजींनी दिली. तोटीतून पाणी कुठून आलं? १८५० च्या दशकात मुंबईत पाण्याचे इतके हाल झाले की सरकारने मिठी नदीवर विहार तलावाचं काम हाती घेतलं. १८५६ ला सुरुवात झाली, १८६० ला तलाव तयार झाला आणि नळाने शहरात पाणी आलं. तो सार्वजनिक पैशातून झाला आणि नागरिकांच्या पाणीपट्टीवर चालला. धरण, मैलोन्‌मैल जमिनीखालून जाणारा नळ, गळती शोधणारा माणूस, गाळ काढणारा माणूस, यांतल्या कशावरही दगडात नाव कोरता येत नाही. पाणपोईवर येतं.

दानाची ही मुळातली खोड आहे, आणि मी ती टीका म्हणून सांगत नाही. दान एकदाच होतं आणि दिसेल असं होतं. सेवा रोज लागते आणि चालू असते तेव्हा दिसतच नाही. रुग्णालयाची इमारत देणारा भेटतो, पण दर महिन्याच्या सात तारखेला परिचारिकांचा पगार देणारा, ऑक्सिजनचं बिल भरणारा, तुंबलेलं गटार साफ करून घेणारा दाता भेटत नाही. नालेसफाईच्या देणगीदारांचा फलक मी तरी कुठे पाहिला नाही.

त्यातून दात्याचं नशीबही बाजारावर. प्रेमचंद रायचंद यांचा पैसा आला होता अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, कारण तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्या मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव देऊ लागल्या. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला, मुंबईत दिवाळखोरीची लाट आली आणि प्रेमचंदही तीत बुडाले. मनोऱ्याची देणगी आदल्याच वर्षीची. हीच देणगी 'दरवर्षी अमुक इतके देईन' अशी असती तर राजाबाईचा मनोरा किती मजल्यांवर थांबला असता कोण जाणे. आणि मंदीत हाच घोळ होतो: दाते कोसळतात नेमके त्याच वर्षी, ज्या वर्षी रांगेत उभे राहणारे वाढतात.

रेडीमनी यांच्याबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. १८५७ च्या उठावाचा खर्च भरून काढायला जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये भारतात पहिल्यांदा आयकर आणला. लोक चिडले. मुंबईत हा कर वसूल करण्यासाठी आयकर आयुक्त म्हणून ज्यांची नेमणूक झाली त्यांत कावसजी जहांगीर रेडीमनी होते, आणि त्यांनी गोडीगुलाबीने तो वसूल करून दिला म्हणून इंग्रजांनी त्यांची वाखाणणी केली. ४० पाणपोया देणारा माणूस करवसुलीलाही बसला होता. दान आणि कर यांत त्याला भांडण दिसलं नसावं.

पुढची कहाणीही तशीच. जे. जे. आज राज्य सरकार चालवतं. के. ई. एम. शी जोडलेलं वैद्यकीय महाविद्यालय सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीच्या पैशातून १९२६ मध्ये सुरू झालं, अध्यापक भारतीयच असावेत या अटीवर. ते महापालिकेने चालवलं, आजही चालवते. डॉ. नायर यांच्या दानातून उभं राहिलेलं नायर रुग्णालय १९४६ मध्ये महापालिकेकडे गेलं. सगळ्यात बोलकं उदाहरण परळच्या टाटा मेमोरियलचं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्या वर्षी सर दोराबजी गेले, आणि त्यांच्या नावाच्या ट्रस्टने १९४१ मध्ये हे रुग्णालय उघडलं. देशातल्या सर्वांत भक्कम धर्मादाय संस्थांपैकी एक पाठीशी होती. तरी १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेलं. कर्करोगाचा उपचार किरणोत्साराच्या दिशेने चालला होता, यंत्रं महाग होत होती, रुग्ण देशभरातून येत होते. बियाणं ट्रस्टने पेरलं, पण वाढत्या झाडाला पाणी घालायला सरकारी तिजोरी लागली.

आकडे काय सांगतात

"तो काळ वेगळा, आता लोकांकडे पैसा आहे," असं कोणी म्हणेल. ठीक, आताचे आकडे घेऊ.

आपल्याकडे स्वेच्छेने देण्याची सगळ्यात मोठी जागा म्हणजे देवस्थान. तिरुपती देवस्थानाचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक सुमारे ५,२५८ कोटींचं आहे. यात हुंडीबरोबर ठेवींचं व्याज, दर्शनाची तिकिटं, लाडू, सगळं आलं. त्याच वर्षाचं मुंबई महापालिकेचं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं. म्हणजे एक शहर चालवायला चौदा तिरुपती लागतील. महाराष्ट्र राज्याचा त्याच वर्षाचा खर्च सुमारे सात लाख कोटी धरला आहे. तिथे सव्वाशेहून जास्त. महापालिकेचा किंवा राज्याचा सगळाच पैसा करातून येत नाही हे खरं, पण मापाचा अंदाज यावा म्हणून ही तुलना.

दुसरं उदाहरण कोरोनाचं. २०२० मध्ये घराघरांतून, कंपन्यांकडून पीएम केअर्स निधीला पैसे गेले. मार्च २०२१ अखेरपर्यंत त्यात व्याजासकट एकूण सुमारे १०,९९० कोटी जमा झाले. एवढ्या भीतीत, एवढ्या आवाहनानंतर. पुढच्या वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात नुसत्या लसीसाठी ३५,००० कोटी ठेवले होते.

अमेरिकेत दानाची संस्कृती रुजलेली आणि नोंदी चोख. तिथे लोक, ट्रस्ट आणि कंपन्या मिळून दरवर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण दोन टक्के दान करतात, आणि त्यातला जवळपास पाव हिस्सा धार्मिक संस्थांना जातो. सगळ्या पातळ्यांवरचे कर मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाव होतात. आणखी एक गंमत: १९८० मध्ये तिथे आयकराचा वरचा दर ७० टक्के होता, १९८८ पर्यंत तो २८ वर आला. 'कर कमी करा, दान वाढेल' हे म्हणणं खरं असतं तर दानाचा वाटा उसळी मारायला हवा होता. तो दोन टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला.

थेट सरकारलाच देणगी द्यायची सोयसुद्धा तिथे आहे. १८४३ पासून अमेरिकेच्या ट्रेझरीत नागरिकांच्या देणग्या स्वीकारण्याचं खातं आहे. १९६१ पासून राष्ट्रीय कर्ज फेडायला वेगळं. त्या दुसऱ्या खात्यात वर्षाला काही लाख, फार तर काही दशलक्ष डॉलर येतात. कर्ज लाखो कोटी डॉलरमध्ये आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर विवरणपत्रात तर एक चौकट आहे: ५ टक्क्यांऐवजी ५.८५ टक्के दराने कर भरायची इच्छा असल्यास खूण करा. खूण करणारे एक टक्कासुद्धा नाहीत.

माणसं वाईट नसतात, तरी लिफ्ट बंद पडते

सोसायटीच्या त्या सभेनंतर आम्ही प्रयोग करून पाहिला. लिफ्टचे दोर बदलायचे होते. मी फळ्यावर यादी लावली, नावापुढे ज्याने त्याने आकडा लिहायचा. २४ फ्लॅट. पहिल्या आठवड्यात नऊ जणांनी लिहिलं. तळमजल्यावरच्यांनी सांगितलं, आम्ही लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. त्यांचं चूक नव्हतं. चौथ्या मजल्यावरचे एक सद्‌गृहस्थ, मुलांच्या आश्रमाला नेमाने पैसे पाठवणारे, म्हणाले, "सगळे देणार असतील तर माझे लिहून टाका." असं म्हणणारे सात निघाले. सगळे 'सगळ्यांची' वाट पाहत होते.

अर्थशास्त्रज्ञांनी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत, पण रेल्वेने त्याला सोपं नाव देऊन ठेवलंय: फुकटे प्रवासी. ज्या सोयीपासून पैसे न देणाऱ्याला वेगळं काढता येत नाही, तिथे हा प्रश्न येतोच. डेंग्यूच्या दिवसांत वॉर्डात धूरफवारणी झाली की वर्गणी न देणाऱ्याच्या घरातलेही डास मरतात. पूरनियंत्रण, अग्निशमन, रस्त्यावरचे दिवे, साथीच्या रोगाची नोंद, सगळ्यांचं तेच. अशा वेळी शहाणा माणूस विचार करतो: बाकीच्यांनी दिले तर माझ्यावाचून काम होईल, आणि त्यांनी नाही दिले तर माझे दिलेले वाया जातील. दोन्हीकडून न देणंच शहाणपणाचं. यासाठी माणूस लबाड असावा लागत नाही, हिशेबी असला की पुरे.

चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना सक्तीचा त्रास नव्हताच. त्यांना हवी होती खात्री, की मी दिले तर शेजारीही देईल. मला वाटतं, कराच्या सक्तीचा हा अर्थ आपण नेहमी विसरतो. ती माझ्या मानेवर जितकी असते तितकीच माझ्या बाजूने शेजाऱ्याच्या मानेवरही असते. दोन महिन्यांनी विशेष सभा घेऊन आम्ही रक्कम फ्लॅटमागे वाटून टाकली. महिन्याभरात सगळ्यांनी भरली, तळमजल्यासकट. तो सूचना करणारा सभासद सगळ्यांत आधी.

इंग्लंडने हाच प्रवास वीस वर्षांत केला. १५५२ च्या कायद्याने गरिबांसाठी पैसे गोळा करणारे नेमले. त्यांनी चर्चमध्ये लोकांना हळुवारपणे विचारायचं, किती देणार? नाही म्हणणाऱ्याला धर्मगुरूने समजवायचं, तरी ऐकलं नाही तर बिशपने. १५६३ मध्ये पुढची पायरी आली: बिशपलाही दाद न देणाऱ्याला न्यायाधीशांपुढे उभं करायचं, ते आकडा ठरवतील, आणि तोही न दिल्यास तुरुंग. १५७२ मध्ये हे सगळं गुंडाळून सरळ सक्तीचा कर लावला. १६०१ चा गरिबांसाठीचा प्रसिद्ध कायदा त्यावरच उभा राहिला. म्हणजे कर ही सुरुवात नव्हतीच. विनवण्या करून थकल्यावरची ती शेवटची पायरी होती.

देणारा निवडतो

समजा, पैसा पुरेसा आला. तरी तो कुठे जाणार हे देणारा ठरवतो, आणि माझ्या मते या सगळ्यातला कळीचा मुद्दा हा आहे.

पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जायची. दूरदूरहून ब्राह्मण यायचे. देणारा उदार होता यात शंका नाही, पण कोणाला द्यायचं हे त्याने आधीच ठरवलेलं होतं. आणि त्या उदारतेचा पैसा शेवटी शेतसाऱ्यातूनच यायचा. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात नेमकं इथे बोट ठेवलं: सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो. त्यांनी मागितलं काय? शूद्रातिशूद्रांसाठी दानधर्म वाढवा असं नाही. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, आणि आम्ही भरलेल्या पैशातला वाटा आमच्या मुलांच्या शाळांना द्या. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळा स्वतः मित्रांच्या आणि हितचिंतकांच्या देणग्यांवर चालल्या होत्या. देणगी किती दिवस पुरते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? दान मागणाऱ्याला आभार मानावे लागतात. कर भरणाऱ्याला जाब विचारता येतो.

'कर तर मूठभर लोकच भरतात' हे आपण ऐकतो ते फक्त आयकराबद्दल खरं. बिस्किटाच्या पुड्यावर, चपलेवर, डिझेलवर कर सगळेच भरतात, शेतमजूरसुद्धा.

आजचं उदाहरण सीएसआरचं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. किती ते कायदा ठरवतो, कशावर ते कंपनी ठरवते, म्हणजे हा अर्धा कर आणि अर्धं दान. आता हा पैसा जातो कुठे? जिथे कारखाना, जिथे मुख्यालय, जिथे अधिकाऱ्याला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं तिथे. राज्यांमध्ये महाराष्ट्र सर्वांत वर असतो, आणि महाराष्ट्रात मुंबई-पुण्याचा पट्टा. नंदुरबार आणि गडचिरोलीची गरज जास्त, पण तिथे कारखाने थोडे. कंपन्यांनी बेईमानी केली असं नाही. कायद्यानेच आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगितलंय.

मग दान कशासाठी?

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी दानाच्या विरोधात आहे. उलट आहे. करातून चालणाऱ्या यंत्रणेला एक गोष्ट सहसा जमत नाही: जे अजून सिद्ध झालेलं नाही ते करून बघणं. सरकारी अधिकाऱ्याचा प्रयोग फसला की लेखापरीक्षणाचा आक्षेप निघतो. दात्याचा फसला तर तो पुढच्या वेळी वेगळं काही करतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं: वजन कसं करायचं, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. ३९ गावांत हे केलं आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा जगभरच्या डॉक्टरांनी दखल घेतली. हा प्रयोग कोणत्याही आरोग्य खात्याने स्वतःहून केला नसता. कमी शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शन द्यायची फाईल कोण मंजूर करणार? पण ३९ गावांतून देशभर जायला देणगी पुरली नसती. २०११ मध्ये केंद्राने ही पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत राबवायला घेतली. आशा देशात सुमारे दहा लाख आहेत. (त्यांचा मोबदला वेळेवर मिळत नाही म्हणून त्यांना मोर्चे काढावे लागतात, हेही इथेच नोंदवतो, तिजोरीचा पैसा म्हणजे सगळं सुरळीत, असं नाही.)

कर्मवीर भाऊराव पाटील यांची रयत शिक्षण संस्था, स्थापना १९१९, कराडजवळचं काले गाव. लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी मंगळसूत्रासकट दागिने मोडले. गावोगावच्या बायका दळताना मूठभर धान्य बाजूला ठेवत, त्याचं नाव मुष्टी फंड. जगात कुठेही सांगावी अशी ही लोकवर्गणीची गोष्ट. आणि तरी आज रयतच्या अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. विनाअनुदानित शाळांचे शिक्षक आझाद मैदानात येऊन बसतात तेव्हा त्यांची मागणी देणगीची नसते, अनुदानाची असते.

माणसं आपणहून सोडतात, देतात, हेही खोटं नाही. २०१५ मध्ये गॅसचं अनुदान सोडण्याचं आवाहन झालं, आणि वर्षभरात एक कोटी घरांनी ते सोडलं. संशयी लोकांना, म्हणजे मला, एवढं अपेक्षित नव्हतं. पण सोडणं एका फोनवर झालं होतं. दर महिन्याला नव्याने हात खिशात घालायचा नव्हता.

आणि दानातही तिजोरीचा हात असतोच. जुन्या पद्धतीने आयकर भरणारा, ३० टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस करसवलतीला पात्र संस्थेला १०,००० देतो, तेव्हा संस्थेच्या प्रकाराप्रमाणे त्याचा १,५०० ते ३,००० रुपये कर वाचतो. तेवढा भाग आपण सगळ्यांनी मिळून दिलेला असतो; पावती मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर.

शेवटी १९७२. लागोपाठ दुष्काळ, विहिरी कोरड्या, गुरं कवडीमोल भावाने विकलेली, रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो. संस्थांनी सुकडी वाटली, छावण्या चालवल्या, आणि त्यामुळे कित्येक जीव वाचले. पण लोकांना भीक नको होती, काम हवं होतं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती आणि आठवड्याला मजुरी घेत होती. एवढ्या मजुरीचा भार एखाद्या ट्रस्टने उचलावा, असं तेव्हा कोणाच्या मनातही आलं नसेल.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीच तासगाव तालुक्यातल्या विसापूरमध्ये मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. दुष्काळानंतर त्यालाच कायद्याचं रूप द्यायचं ठरलं आणि १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा झाला. पैसा कुठून आणायचा? आवाहन काढून नाही. १९७५ मध्येच राज्याने व्यवसाय कर लावला होता: शहरातल्या पगारदाराच्या, डॉक्टरच्या, वकिलाच्या, व्यापाऱ्याच्या कमाईतून थोडे पैसे घ्यायचे, राज्याने त्यात भर घालायची, आणि त्यातून गावातल्या माणसाला काम द्यायचं. मुंबईतल्या कारकुनाला आटपाडीतला मजूर कधी भेटणार नव्हता, त्याचे आभारही मिळणार नव्हते. पैसे मात्र दर महिन्याला पोचत होते.

ते अजूनही कापले जातात. तुमची सॅलरी स्लिप हाताशी असेल तर 'पीटी' किंवा 'प्रोफेशन टॅक्स' ही ओळ शोधा. दरमहा २०० रुपये दिसतील. पगार फार कमी असेल तर त्याहून कमी, महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर माफ. घटनेने या कराला वर्षाला २,५०० ची मर्यादा घातली आहे, आणि बारा महिने २०० कापले तर २,४०० च होतात. राहिलेले शंभर फेब्रुवारीत घेतात. त्या एका महिन्यात स्लिपवर ३०० दिसतात आणि दरवर्षी ऑफिसात कोणीतरी अकाउंट्सच्या टेबलाशी जाऊन विचारतंच, की या वेळी शंभर जास्त का कापले.